व्याकरण पक्कं, पण तिसऱ्या वाक्याला गप्प: जर्मन ए२च्या वर्गात काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली संध्याकाळची जर्मनची बॅच, बहुतेक नोकरदार, ए२ (भाषेची दुसरी पातळी) संपत आलंय. लेखी स्वाध्याय बरोबर येतात, बोलायला उभं केलं की गाडी अडते. शिकण्याच्या कोणत्या युक्त्या शिकवाव्यात आणि कशा?

भाषाशिक्षणाच्या अभ्यासक रिबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० साली या युक्त्यांचे सहा गट पाडले. ते वर्गात सांगत बसू नका. तुमच्या बॅचसाठी आधी एकच गट धरा, भरपाईचा: शब्द आठवला नाही तरी बोलणं चालू कसं ठेवायचं. मोठी माणसं बहुधा एखाद्या नामावर अडतात. मनात मराठी किंवा इंग्रजी शब्द तयार असतो आणि त्याचा नेमका जर्मन शब्द सापडेपर्यंत तोंड बंद.

नुसतं ‘वर्णन करून सांगा’ म्हणून भागत नाही, करून दाखवावं लागतं. फळ्यासमोर मुद्दाम अडा आणि डोक्यात चाललेलं मोठ्याने बोला, चक्क मराठीत: “गाळणीला काय म्हणतात? आठवत नाही. असते कुठे? स्वयंपाकघरात. कशासाठी? चहासाठी.” मग जर्मनमध्ये: “दास इस्ट इन डेअर क्युशं. दास ब्राउख्ट मान फ्युर टे.” ऐकणारा म्हणतो, “आख, आइन झीप!” म्हणजे काम झालं, वर शब्दही फुकट मिळाला. कुठे, कशासाठी, कशासारखं, एवढे तीन प्रश्न पुरतात.

मग जोड्या पाडा, प्रत्येक जोडीला आठ चित्रं आणि एका चित्राला ४० सेकंद. घोळ होतो तो चित्रं निवडताना. खुर्ची, पुस्तक ठेवलंत तर शब्द आधीच येतो आणि खेळ फुसका ठरतो. कुलूप, खिळा, सुई, उशी अशा वस्तू घ्या.

याच्या जोडीला वेळ काढायची दोनच वाक्यं द्या: “मोमेंट, इश मुस कुर्त्स नाखडेंकन” (थांबा, जरा विचार करतो) आणि “वी झाक्ट मान दास?” (हे कसं म्हणतात?) सुट्या शब्दांनी नको, अख्खं वाक्य एका दमात. ‘आल्झो’ (‘तर मग’) मात्र जपून शिकवा. तो दर वाक्याच्या तोंडी चिकटला की सुटता सुटत नाही.

ओघ वाढवायला ४-३-२ची पद्धत चांगली: तोच विषय तीन वेगळ्या श्रोत्यांना, दर वेळी कमी वेळात: चार, तीन, मग दोन मिनिटं. ए२ला चार मिनिटं झेपत नाहीत. दोन, दीड आणि एक मिनिट ठेवा. समोरासमोर दोन रांगा करा आणि एकच रांग सरकवा. श्रोता बदलला नाही तर तेच पुन्हा ऐकून तो कंटाळतो आणि बोलणाराही उरकतो. हातात कागद नको. मध्येच कुणाला सुधारू नका, पण पहिल्या फेरीनंतर दोन मिनिटं थांबून एकच चूक दुरुस्त करा, नाहीतर तीच चूक तिन्ही फेऱ्यांत घोटली जाते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा ‘गेस्टर्न इश बिन’ (‘काल मी...’) ही असते, इंग्रजीच्या क्रमाने आलेली; हवं ‘गेस्टर्न बिन इश’. गंमत म्हणजे ‘वाइल’नंतर (‘कारण’) मराठीच उपयोगी पडते: ‘वाइल इश क्रांक बिन’, ‘कारण मी आजारी आहे’. क्रम तोच. तिथे बिनधास्त मराठीत विचार करायला सांगा.

घरी आठवड्यातून एकदा मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड करू द्या. ऐकताना दोनच गोष्टी मोजायच्या: तीन सेकंदांहून लांब थांबलो किती वेळा आणि शब्द अडल्यावर वळसा घेतला किती वेळा. व्याकरणाच्या चुका मोजायला लावल्यात तर दुसऱ्या आठवड्यात रेकॉर्डिंग बंद पडतं.

एका युक्तीला दोन आठवडे द्या, दीड तासाच्या तासिकेत १५ मिनिटं. पहिल्या आठवड्यात आठवण करा, दुसऱ्यात तोंड मिटून बसा. न सांगता वापरली तरच ती अंगवळणी पडली. एका शनिवारी चार युक्त्या उरकल्यात तर वहीत नावं राहतील, बस.

पुढे गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ (ए२नंतरच्या पातळीची) परीक्षा देणार असतील तर तिथल्या बोलण्याच्या पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. त्यासाठी “मायनन झी...?” (तुम्हाला असं म्हणायचंय का?) म्हणत जोडीदाराचं बोलणं पडताळायची सवय आतापासून लावा. आणि चुकीच्या भीतीने गप्प बसणाऱ्याला ४-३-२च्या पहिल्या फेरीत श्रोता करा. त्याची बोलायची पाळी येईपर्यंत निम्मी वाक्यं कानावरून गेलेली असतात.