जुन्या सेंटिनेल-२ उपग्रहचित्राची स्टाइल (रंगांची सेटिंग) नव्या चित्राला लावली की ठाणे खाडीतली खारफुटी फिकट दिसते. ती खरंच विरळ झाली आहे का?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी तसं म्हणता येणार नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेली जानेवारी २०२१ आणि जानेवारी २०२३ ची चित्रं; लाल-हिरव्या-निळ्याच्या जागी ८-४-३ बँड (डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड, लाल आणि हिरवा प्रकाश), म्हणजे झाडोरा लाल. जुन्या चित्रात ऐरोली पुलाच्या आसपास गडद लाल पट्टा, आणि तीच स्टाइल नव्यावर पेस्ट केल्यावर सगळं धुवट गुलाबी. आधी रंगांची पट्टी ऑटोवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर सोडलेली होती तेव्हा दोन्ही चित्रं बरी दिसायची, पण झूम केलं की रंग बदलायचे, असंही तुम्ही लिहिलं आहे. तुमचा संशय खारफुटीवर आहे, माझा आकड्यांवर.

आधी झूमचं बघू. सेंटिनेलच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६ बिटांची जागा असते, ० ते ६५५३५. स्क्रीनकडे एका रंगाच्या छटा असतात २५६. खारफुटीचा निअर-इन्फ्रारेड आकडा साधारण ३००० धरा. पूर्ण ६५५३५ ची पट्टी २५५ वर बसवली तर त्या ३००० चे होतात १२, म्हणजे जवळजवळ काळा. साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये अशी फाइल काळी दिसते ती यामुळेच. म्हणून किमान आणि कमाल आकडा ठरवून त्यामधलीच पट्टी ताणायची. ० ते ४००० ठेवलं तर तेच ३००० स्क्रीनवर १९१ होतात.

हे दोन आकडे तुम्ही दिले नाहीत तर क्यूजीआयएस स्वतः काढतं. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे सर्वांत गडद २ टक्के आणि सर्वांत उजळ २ टक्के पिक्सेल सोडून उरलेली पट्टी ताणणं. प्रश्न असा की हे टक्के कशाचे? स्टाइलच्या खिडकीत मिन-मॅक्सच्या सेटिंगमध्ये 'स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंट' असतं. तिथे 'अपडेटेड कॅनव्हास' असेल तर नकाशा हलवला की हिशेब नव्याने होतो. खाडीवर झूम केलंत की फ्रेममध्ये पाणी आणि चिखल; जरा पूर्वेला ठाणे-बेलापूर रोडकडे सरकलात की कारखान्यांची पत्र्याची छपरं आली, कमाल आकडा वर गेला आणि खारफुटी आपोआप काळवंडली. मोबाइलचा कॅमेरा खिडकीकडे वळवल्यावर माणसांचे चेहरे काळे पडतात, तसंच. तिकडे एक पानही हललेलं नसतं.

म्हणजे ऑटो बंद करून एकच स्टाइल दोन्ही चित्रांना लावलीत ते बरोबरच केलंत. 'रंग बिघडले, ऑटोच ठेवा' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ऑटो प्रत्येक चित्र देखणं करून देतं. तुलना करताना देखणेपणाचा काही उपयोग नाही, उलट खरा फरकही त्यात झाकला जातो. एखाददुसऱ्या ढगानेही ऑटोची पट्टी सरकते; पावसाळ्यातल्या चित्रांचं तर विचारूच नका.

मग गुलाबी का? २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली आणि तेव्हापासून प्रत्येक बँडच्या आकड्यात १००० जास्त मिळवलेले असतात. फार गडद पृष्ठभागावर दुरुस्तीनंतर परावर्तन शून्याखाली जातं आणि पूर्वी ते कापलं जायचं. ते हरवू नये म्हणून ही सोय. खाडीच्या गडद पाण्यासाठी ती चांगलीच आहे, पण जुन्या स्टाइलमध्ये तिन्ही रंग एकदम वर उचलले जातात आणि लाल धुवट होतो. ऑटोवर हे लक्षात आलं नाही, कारण ऑटोने किमान आकडाही तेवढाच वर नेला.

फाइलच्या नावात 'एन' आणि पुढे चार अंक असतात, तीच ही प्रक्रियेची आवृत्ती. तुमच्या जुन्या फाइलवर एन०२१४ असेल, नवीवर ०४०० किंवा त्यापुढचं. तारखेवर मात्र विसंबू नका. जुनी चित्रंही नव्याने प्रक्रिया करून पुन्हा दिली गेली आहेत, आणि त्यांत १००० असतात. नुसतं पाहायचं असेल तर जुन्याला ०–४००० आणि नव्याला १०००–५००० द्या; जोडी जुळते. मोजमाप करायचं असेल तर क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये नव्या चित्राच्या प्रत्येक बँडमधून १००० वजा करून नवी फाइलच बनवा. गुगल अर्थ इंजिन (उपग्रहचित्रांवर ऑनलाइन काम करायची सेवा) वापरत असाल तर 'हार्मनाइज्ड' नावाचा संग्रह घ्या, त्यात हे आधीच केलेलं असतं.

एनडीव्हीआय म्हणजे झाडोरा किती दाट ते सांगणारा आकडा: इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. ही वजाबाकी त्याच्या आधी केलीच पाहिजे. इन्फ्रारेड ३००० आणि लाल ५०० असेल तर २५०० भागिले ३५००, म्हणजे ०.७१. तीच झाडं, पण १००० वाढवलेले, तर २५०० भागिले ५५०० आणि उत्तर ०.४५. हा आकडा घेऊन कोणी वन विभागाकडे तक्रार नेली तर पहिल्याच प्रश्नाला अडचण होईल, आणि खरी तोड झाली असेल तर तिच्याकडेही मग कोणी बघणार नाही.

क्यूजीआयएसमधून फाइल 'सेव्ह ॲज' करताना 'रॉ डेटा' निवडा. 'रेंडर्ड इमेज' निवडलंत तर स्क्रीनवरचे ताणलेले रंगच फाइलमध्ये जातात आणि मूळ आकडे मिळत नाहीत. स्टाइल कितीही बदलली तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. घोळ होतो तो या निर्यातीत. स्क्रीनशॉटवरून कोणी एनडीव्हीआय काढू नये हे सांगायला नको, पण मी तसं केलेलं पाहिलं आहे, म्हणून सांगते.

चिखलाची मैदानं पाहायची असतील, फ्लेमिंगो उतरतात ती, तर कमाल आकडा १५०० पर्यंत खाली आणा (नव्या चित्रात १००० ते २५००). खारफुटी जळल्यासारखी एकसारखी भडक दिसेल, दिसू दे. तेव्हा आपल्याला ती बघायचीच नसते. मात्र चित्र कुठे छापणार असाल तर किमान-कमाल आकडे खाली लिहा.

एक राहिलं. उपग्रह इथून नेहमी सकाळी जवळपास ठरलेल्या वेळीच जातो, भरती-ओहोटी मात्र रोज पुढे सरकते. तुमच्या दोन तारखांपैकी एक भरतीची असेल तर कडेची खारफुटी पाण्यात उभी असेल आणि तिचा इन्फ्रारेड खरोखरच कमी येईल. दोन्ही दिवसांचं भरतीचं वेळापत्रक काढून बघा आणि वजाबाकीनंतरची चित्रं इथे टाका, मग बोलू.