ट्रीमॅपमधून प्लेयर गायब होतायत? आधी कम्पेअरेटर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: जावात गेमचा लीडरबोर्ड करताय, ट्रीमॅपमध्ये (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या कीच्या क्रमाने, आतून झाडासारख्या रचनेत ठेवणारा मॅप) प्लेयर ऑब्जेक्ट हीच की आहे, कम्पेअरेटर (दोन कीजमधली आधी कोणती हे ठरवणारा कोड) फक्त स्कोअर बघतो, १२ प्लेयर टाकले तर साइज ९ येते, आणि कुणाचा स्कोअर वाढवला तर त्यानंतर गेट केल्यावर नल मिळतो. मग ट्रीमॅपचा नाद सोडून हॅशमॅप (क्रम न ठेवणारा मॅप) घ्यावा आणि शेवटी सॉर्ट करावं का, असं विचारलंय.

ट्रीमॅप सोडायची गरज नाही. तुमच्याकडे बग दोन आहेत पण दोन्हींचं मूळ एकच आहे: दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे ठरवायला हॅशमॅप वापरतो त्या इक्वल्स आणि हॅशकोड मेथडकडे ट्रीमॅप ढुंकूनही बघत नाही. दोन कीज एकच आहेत का हे तो फक्त कम्पेअरेटरला विचारतो, आणि कम्पेअरेटर नसेल तर कीच्या कम्पेअरटूला. उत्तर शून्य आलं म्हणजे त्याच्या लेखी ती एकच की, विषय संपला. तुमचा कम्पेअरेटर स्कोअर सारखा असला तर शून्य देतो, म्हणजे ४२० स्कोअरचे दोन प्लेयर त्याच्यासाठी एकच माणूस. १२ मधले ३ असेच गेलेत, एकदा स्कोअर छापून बघा, सारखे स्कोअर सापडतीलच.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. शून्य आल्यावर पुट काय करतो, तर व्हॅल्यू बदलतो पण की जुनीच ठेवतो. म्हणजे पहिल्या प्लेयरचा ऑब्जेक्ट की म्हणून तसाच राहतो आणि त्याच्या नावापुढे दुसऱ्याची माहिती येऊन बसते. प्लेयर नुसता गायब झाला असता तर लगेच कळलं असतं, इथे नाव एकाचं आणि डेटा दुसऱ्याचा, आणि एक्सेप्शन वगैरे काही नाही. म्हणून पुटने काय परत दिलं ते बघायची सवय लावा, नवीन की टाकतोय अशी खात्री असताना नलऐवजी जुनी व्हॅल्यू परत आली तर तिथेच थांबा. फक्त तुम्ही व्हॅल्यू म्हणून नलच ठेवत असाल तर ही खूण चालणार नाही.

हा घोळ जावाच्या स्वतःच्या क्लासमध्येही दिसतो. बिगडेसिमल हा दशांश आकड्यांचा क्लास घ्या, "१.०" आणि "१.००" अशा स्ट्रिंगपासून दोन ऑब्जेक्ट बनवा. इक्वल्स म्हणतो वेगळे, कारण दशांशाच्या जागा वेगळ्या, कम्पेअरटू म्हणतो सारखे. हॅशसेटमध्ये दोन्ही टाका, साइज २. तेच ट्रीसेटमध्ये टाका, साइज १. ट्रीसेट आतून ट्रीमॅपच वापरतो त्यामुळे नियम तोच.

आता दुरुस्ती. स्कोअरने क्रम लावायचा आणि स्कोअर सारखा निघाला तर पुढे आयडी बघायचा, आयडी प्रत्येकाचा वेगळाच असणार, म्हणजे दोन वेगळ्या प्लेयरना शून्य कधीच येणार नाही. कम्पेअरिंगइंटने स्कोअर घ्या, लगेच रिव्हर्स्ड करा म्हणजे मोठा स्कोअर वर येईल, आणि मग देनकम्पेअरिंगने आयडी. क्रम हाच ठेवा, कारण रिव्हर्स्ड शेवटी लावलं तर स्कोअरबरोबर आयडीचा क्रमही उलटा होतो. आणि कम्पेअरिंगइंटमध्ये लॅम्डा लिहून त्याला लागूनच रिव्हर्स्ड लावलं तर कम्पायलरला टाइप ओळखता येत नाही आणि एरर येते, तिथे सरळ मेथड रेफरन्स द्या.

कम्पेअरेटरमध्ये "अ वजा ब" मात्र लिहू नका, लहान आकड्यांवर ते छान चालतं आणि म्हणूनच ते कोडमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहतं. २ अब्जातून उणे २ अब्ज वजा केले तर उत्तर ४ अब्ज हवं, पण ते ३२ बिटच्या इंटमध्ये मावत नाही, हातात येतं -२९४९६७२९६, म्हणजे मोठा आकडा लहान ठरला आणि झाडाचा क्रम बिघडला. इंटिजरची कम्पेअर मेथड त्यासाठीच आहे.

आता दुसरा बग, स्कोअर वाढवल्यावर नल. हे कागदावर काढून बघण्यासारखं आहे. सोपं म्हणून चढता क्रम धरू. ३०, ५०, ७० अशा तीन कीज टाकल्या. झाड असं होतं: मुळाशी ५०, डावीकडे ३०, उजवीकडे ७०. आता त्या ३० वाल्या ऑब्जेक्टचा स्कोअर तुम्ही बाहेरून सेटरने ९० केला. झाडाला याची काही खबर नाही, ऑब्जेक्ट डावीकडेच बसलाय. आता ९० शोधा. ५० पेक्षा मोठा म्हणून उजवीकडे, ७० पेक्षा मोठा म्हणून परत उजवीकडे, तिथे काहीच नाही, नल. बरं जुना ३० शोधून बघू, ५० पेक्षा लहान म्हणून डावीकडे, तिथे बसलेला आता स्वतःला ९० म्हणवतोय, ३० त्याहून लहान म्हणून अजून डावीकडे, तिथेही काही नाही, नल. म्हणजे तो प्लेयर जुन्या स्कोअरनेही सापडत नाही आणि नव्यानेही नाही, पण मॅप प्रिंट केला तर दिसतो, कारण प्रिंट करताना तुलना होतच नाही, नुसतं डावीकडून उजवीकडे चालत जायचं असतं. आणि याच्यावर तुम्ही तोच प्लेयर पुन्हा पुट केलात तर तो ७० च्या उजवीकडे जाऊन बसतो, साइज ४, आणि प्रिंट येते ९०, ५०, ७०, ९०. एकच माणूस दोनदा.

माझ्याकडे हेच तारखेच्या बाबतीत झालं होतं. एका कामात जुना डेट क्लास की म्हणून वापरला होता, तो क्लास बदलता येतो, सेटटाइम मेथड आहे त्याला, आणि एका मेथडने तोच ऑब्जेक्ट घेऊन वेळ पुढे ढकलली होती. लॉगमध्ये की डोळ्यांसमोर दिसत होती आणि ती की आहे का विचारणारं कंटेन्सकी फॉल्स देत होतं, दोन दिवस मी टाइमझोनवर संशय घेत बसलो होतो. मग प्रत्येक कीच्या शेजारी तिच्या मागची की छापली तेव्हा क्रमच उलटसुलट दिसला आणि उलगडा झाला. तेव्हापासून अशी शंका आली तर मी पहिलं काम हेच करतो, कीज एकेक करून फिरायच्या आणि प्रत्येक की आधीच्यापेक्षा मोठी आहे का तपासायचं, चार ओळींचं काम आहे.

म्हणून की अशी घ्या जी नंतर बदलताच येणार नाही. प्लेयर ऑब्जेक्ट की म्हणून नकोच. स्कोअर आणि आयडी एवढंच असलेला छोटा रेकॉर्ड करा, रेकॉर्ड जावा १६ पासून रीतसर आलेत, नसतील तर फायनल फील्डवाला साधा क्लासही चालतो. त्याच्या जोडीला एक हॅशमॅप ठेवा, आयडीवरून सध्याचा स्कोअर सांगणारा. स्कोअर बदलायचा तर हॅशमॅपमधून जुना स्कोअर वाचा, जुना स्कोअर आणि आयडी मिळून जी की होते ती ट्रीमॅपमधून रिमूव्ह करा, नवीन की बनवून पुट करा, हॅशमॅप अपडेट करा. आणि हे सगळं एकाच लीडरबोर्ड क्लासच्या पोटात ठेवा, बाहेर फक्त स्कोअर बदला आणि टॉप दहा द्या अशा मेथड दिसू देत, मॅप स्वतः बाहेर देऊ नका. दोन मॅप एकमेकांशी जुळते ठेवायची जबाबदारी एका क्लासवर राहिली तर निभते, तीन ठिकाणच्या कोडने त्यांना हात लावला तर एक दिवस कुणीतरी रिमूव्ह विसरणारच.

टॉप दहा काढताना पोलफर्स्टएन्ट्री वापरू नका हं, ती मेथड एन्ट्री देते आणि मॅपमधून काढूनही टाकते. साधा लूप फिरवा आणि दहा झाले की ब्रेक.

आता तुमचा खरा प्रश्न, हॅशमॅप अधिक सॉर्ट का ट्रीमॅप. माझं मत स्पष्ट आहे, डेटा एकदाच भरायचा आणि शेवटी एकदाच क्रमाने छापायचा असेल तर हॅशमॅप घ्या आणि शेवटी सॉर्ट करा, ते सोपंही आहे आणि बहुतेक वेळा जलदही. ट्रीमॅप आतून रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे स्वतःचा समतोल राखणारं झाड आहे, १० लाख कीज असल्या तर एक की शोधायला साधारण २० तुलना लागतात, वाईटात वाईट धरलं तरी ४० च्या आसपास. हॅशमॅपमध्ये थेट उडी असते. शिवाय ट्रीमॅपची प्रत्येक एन्ट्री डावा, उजवा, वरचा असे दुवे आणि रंग सांभाळते, तीही मेमरी जाते. नुसतं क्रमाने दिसतं म्हणून ट्रीमॅप घेणं मला पटत नाही.

ट्रीमॅपचं खरं सामर्थ्य आहे शेजारी विचारण्यात. "ही की आहे का" हा हॅशमॅपचा प्रश्न झाला, "या कीच्या अगदी खालची कोणती, अगदी वरची कोणती, या दोघींच्या मधल्या कोणत्या" हा ट्रीमॅपचा. तुमच्याच गेममध्ये लेव्हल असतील, समजा ० पासून ब्राँझ, १००० पासून सिल्व्हर, ५००० पासून गोल्ड. लोक यासाठी इफ-एल्सची शिडी लिहितात आणि नवीन लेव्हल आली की मध्ये पायरी घुसवतात. तीन एन्ट्रीचा ट्रीमॅप करा आणि ३७०० साठी फ्लोअरएन्ट्री विचारा, सिल्व्हर मिळेल. ५००० ला गोल्ड, कारण फ्लोअर म्हणजे तेवढी किंवा त्याहून लहान, लोअर म्हणजे काटेकोर लहान, वरच्या बाजूला तसंच सीलिंग आणि हायर. सगळ्यात लहान कीच्याही खालचं विचारलं तर फ्लोअरएन्ट्री नल देते, ते हाताळा. कोणत्या तारखेपासून कोणता दर लागू हे शोधायलाही हेच, एकेक दिवस मागे जात लूप फिरवणारा कोड बघितला की मला अक्षरशः वाईट वाटतं, कारण ही सोय जावा ६ पासून हाताशी आहे. फक्त व्हेरिएबलचा टाइप मॅप न ठेवता नॅव्हिगेबलमॅप ठेवा, नाहीतर या मेथड दिसतच नाहीत. आणि त्यांनी दिलेल्या एन्ट्रीवर सेटव्हॅल्यू करू नका, ती त्या क्षणाची प्रत असते, एक्सेप्शन येतं.

हेडमॅप, टेलमॅप, सबमॅप (मॅपचा अनुक्रमे सुरुवातीचा, शेवटचा आणि मधला तुकडा) हे कॉपी देत नाहीत, त्याच मॅपकडे बघायची खिडकी देतात. सबमॅप क्लिअर केला तर मूळ मॅपमधला तेवढा पट्टा पुसला जातो, जुना डेटा काढायला हे फार सोयीचं आहे, पण माहीत नसताना केलं तर डेटा गेलाच. खिडकीच्या हद्दीबाहेरची की तिच्यातून टाकायला गेलात तर इल्लीगलआर्ग्युमेंट मिळतं. आणि तुम्ही पुढे "माझा नंबर कितवा" हे दाखवणार असाल तर हेडमॅपची साइज विचारायचा मोह होईल, तिथे लक्ष ठेवा, ती साइज एन्ट्री एकेक मोजून काढली जाते. काही हजार प्लेयरना चालेल, लाखोंना प्रत्येक क्लिकवर मोजत बसला तर सर्व्हर रडेल, त्यासाठी प्रत्येक नोडवर खालच्या नोडची संख्या ठेवणारं वेगळं झाड लागतं, ते ट्रीमॅपमध्ये नाही.

स्ट्रिंग की असेल तर "१०" हे "९" च्या आधी येतं हे लक्षात असू दे, आकडे आकडे म्हणूनच ठेवा. नावं देवनागरीत असतील तर साधा स्ट्रिंग क्रम युनिकोडचा असतो आणि तिथे ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. भाषेचा क्रम हवा तर कोलेटर (भाषेच्या नियमांनी स्ट्रिंगची तुलना करणारा क्लास) वापरतात, पण कोलेटर ढिला ठेवला तर इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत लिहिलेली नावं सारखी ठरवतो आणि मग परत तोच शून्याचा घोळ, म्हणून शेवटी आयडी इथेही लावा.

दुसऱ्या भाषेत गेलात तर नावांवरून फसू नका. सी++ चा मॅप क्रमाचा आहे, तिथे लोअर बाउंड म्हणजे दिलेल्या कीइतकी किंवा तिच्याहून मोठी पहिली की, जावाच्या लोअरच्या अगदी उलट दिशा, आणि चौकटी कंसाने नुसतं वाचलं तरी नसलेली की तयार होते. पायथॉनची डिक्शनरी ३.७ पासून टाकल्याचा क्रम पाळते, कीचा नाही, जावात ते काम लिंक्डहॅशमॅप करतो.

शेवटचं, थ्रेडबद्दल, कारण लीडरबोर्ड म्हटल्यावर एका वेळी अनेक जण स्कोअर पाठवणारच. ट्रीमॅप थ्रेडसेफ नाही, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडनी वापरायला सुरक्षित नाही, दोन थ्रेडनी एकदम पुट केलं तर झाडच बिघडू शकतं. कॉनकरंटस्किपलिस्टमॅप क्रमही ठेवतो आणि थ्रेडही सांभाळतो, पण तुमचं अपडेट दोन पावलांचं आहे, रिमूव्ह आणि पुट, आणि त्या दोन पावलांच्या मधे कुणी टॉप दहा वाचले तर तो प्लेयर तेवढ्यापुरता यादीत नसेल, क्रम उलटा केलात तर दोनदा दिसेल. त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर साधा ट्रीमॅप ठेवून लीडरबोर्ड क्लासमध्येच एक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा) घेतला असता, अपडेट आणि टॉप दहा दोन्ही त्याच लॉकखाली, आणि टॉप दहा बाहेर देताना नवीन लिस्टमध्ये कॉपी करून.