ओमाहाहून पत्र : घरचे किती, बाहेरचे किती?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी ईमेल परवा रात्री वाचली. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रिक्रूटिंगच्या, म्हणजे खेळाडू भरतीच्या, ऑफिसात रुजू होऊन तुला महिनाही झाला नाही आणि साहेबांनी लगेच कामाला लावलंय : पुढच्या दोन वर्षांच्या भरतीत आपल्या राज्यातली पोरं किती टक्के असावीत आणि बाहेरची किती, याचा तक्ता करून दे. तू विचारतेस, "काका, बरोबर आकडा कोणता?" वर तुझ्या बाबांचाही फोन आला, की पोरीला नीट समजाव, तिला अजून फर्स्ट डाऊन म्हणजे काय ते शेजारच्याला विचारावं लागतं. असू दे. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून इकडे आलो तेव्हा फुटबॉल पायानं खेळतात एवढंच मला ठाऊक होतं. इथे संख्याशास्त्र शिकलो आणि पुढे अकरा वर्षं एका विद्यापीठाच्या फुटबॉल ऑफिसात असलेच तक्ते करत बसलो.

आकडा मी देणार नाही. टक्के भरती झाल्यावर मोजायचे असतात. आधी टक्के ठरवून भरती केली की माणूस नको त्या पोराला हो म्हणतो, नुसती एक चौकट भरायची राहिली म्हणून. मी म्हटलेलं आहे, म्हणून सांगतो.

तू जिथे आहेस तिथली स्थिती आमच्या नेब्रास्कासारखीच आहे, म्हणून इथलंच उदाहरण घेऊ. 2020 च्या जनगणनेत या अख्ख्या राज्याची वस्ती 19.6 लाख. नुसतं पुणे शहर याहून मोठं आहे. टेक्सासात 2 कोटी 91 लाख माणसं, फ्लोरिडात 2 कोटी 15 लाख. तिथे दर वर्षी वेगवान पोरांचं पीक येतं, आपल्याकडे एखाद्या वर्षी येतं, एखाद्या वर्षी नाही. म्हणजे बाहेर जावं लागणारच, त्यावर वाद नाही. पण बाहेरून काय आणायचं आणि घरचं काय जपायचं, हे ज्याला कळलं त्याला पुढचं सोपं जातं.

2 जानेवारी 1984 चा ऑरेंज बोल सामना बघ, जुनं चित्रण मिळतं. नेब्रास्का विद्यापीठ विरुद्ध मायामी विद्यापीठ. नेब्रास्काचे कोच टॉम ऑस्बोर्न यांच्या संघात क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, टर्नर गिल टेक्सासच्या फोर्ट वर्थचा आणि चेंडू घेऊन पळणारा माइक रोझियर न्यू जर्सीच्या कॅम्डनचा. त्याच हंगामात रोझियरला हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला होता. आणि त्यांच्यापुढे भिंतीसारखा उभा होता डीन स्टाइनकूलर, बर नावाच्या खेड्यातला. बर याच राज्यात आहे, गावात शंभर माणसंही नसतील. त्या सामन्यात चेंडू मुद्दाम जमिनीवर सोडून देण्याची एक चलाखी केली गेली. पुढच्या फळीतला हा दांडगा गार्ड तो उचलून 19 यार्ड धावला आणि चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाऊन करून मोकळा झाला. एवढ्या अवजड माणसाला मोकळ्या मैदानात पळताना बघणं हा वेगळाच आनंद आहे, मी आजही तेवढा तुकडा मागे नेऊन नेऊन बघतो.

सामना मात्र मायामीनं 31-30 असा जिंकला. बरोबरीची किक मारण्याऐवजी ऑस्बोर्न यांनी दोन गुणांचा डाव खेळला आणि तो फसला. समोर होते मायामीचे कोच हॉवर्ड श्नेलेनबर्गर. दक्षिण फ्लोरिडाभोवती कुंपण घालायचं, इथलं पोरगं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा प्रसिद्ध मंत्र. साहेबांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी त्या कुंपणाचं नाव काढणारच. तेव्हा हळूच विचार, की त्या दिवशी मायामीचा क्वार्टरबॅक कुठला होता. बर्नी कोझार, ओहायोतल्या बोर्डमनचा. कुंपणाला फाटक ठेवलेलंच होतं.

अकरा वर्षांनी, 1 जानेवारी 1995 ला, त्याच मैदानावर पुन्हा मायामी. या वेळी नेब्रास्काचा क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर, फ्लोरिडाच्याच ब्रेडेंटनचा. पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्यामुळे त्यानं बराचसा हंगाम बाहेर बसून काढला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन टचडाऊन केले ते कोरी श्लेसिंगरनं, डंकन या नेब्रास्काच्या खेड्यातल्या फुलबॅकनं. पुढे फळी फोडत होता फ्रीमाँटचा झॅक विगर्ट. 24-17, आणि ऑस्बोर्न यांचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद. वेग लांबून आला आणि वजन घरातून. अंगाने थोराड, हळूहळू भरणारी पोरं इथल्या शेतावर मिळतात. त्यांना तीन-चार वर्षं वजनाच्या खोलीत घालवायची तयारी लागते, आणि ज्याचं घर गाडीच्या पल्ल्यात आहे तो तेवढा काळ टिकण्याची शक्यता जास्त. याला अपवाद भरपूर आहेत. आय. एम. हिप साउथ कॅरोलायनाहून शिष्यवृत्तीशिवाय, वॉक-ऑन म्हणून आला आणि 1977 मध्ये इंडियानाविरुद्ध एका सामन्यात 254 यार्ड पळाला.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या राज्याच्या पश्चिम टोकाकडच्या एका छोट्या शाळेत एक पोरगं होतं. शाळा एवढी लहान की अकरा जणांचा संघ उभा राहत नाही, आठ जणांचं फुटबॉल खेळतात. मैदानही आखूड आणि अरुंद. त्याची फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रण, माझ्याकडे आली. दर डावात ते समोरच्या किडकिडीत पोरांना अंगानंच ढकलून पुढे जात होतं. मी शेरा मारला : 'समोर दम नाही, कळत नाही.' तक्त्यात त्याला खालच्या रकान्यात टाकलं आणि त्या जागेसाठी फ्लोरिडातल्या एका चार स्टारवाल्याचं (भरतीच्या वेबसाइट पोरांना पाचपैकी स्टार देतात) नाव वर सरकवलं.

फेब्रुवारीत त्याच भागातून परत येत होतो. रस्त्यावर बर्फ, म्हणून वाटेतल्या गावी थांबलो, तर शाळेच्या हॉलमध्ये कुस्त्यांची स्पर्धा चालू. कोल्हापूरचा माणूस, पाय आपोआप आत वळले. पॉपकॉर्नचा वास, रबरी मॅट, आणि मधोमध तेच पोरगं. समोरचा त्याच्याएवढाच. ह्यानं कंबर खाली ठेवली, डावा पाय अर्धा वीत सरकवला आणि समोरच्याचं वजन कुठे जातंय ते हातानं वाचलं. तालमीत वस्ताद 'बूड हलकं ठेव' म्हणून ओरडायचे तेच. माझ्या लक्षात आलं, की फिल्ममध्ये जे दिसत नव्हतं ते इथे दोन मिनिटांत दिसलं. वरच्या बाकड्यावर शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठाचं जाकीट घातलेला एक कोच बसला होता. त्याला ते माझ्या आधी दिसलं होतं. आठवड्याभरात पोरगं तिकडे कमिट झालं, म्हणजे तिकडेच खेळायचा शब्द देऊन बसलं.

खरं नुकसान पुढे झालं. त्या शाळेचा कोच भला माणूस, माझा फोन नेहमी उचलायचा. पण पुढची तीन वर्षं त्याच्याकडे चांगलं पोरगं आलं की तो आधी त्या जाकीटवाल्याला कळवायचा आणि मग मला. आसपासच्या गावांतले कोच एकमेकांचे मेहुणे, वर्गमित्र, एकाच चर्चमधले. एक नकार चुकीच्या पद्धतीनं गेला की अख्खा पट्टा थंड पडतो. फ्लोरिडात एक पोरगं हातचं गेलं तर तिथल्या कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

आणि आमचा तो चार स्टारवाला? दुसऱ्या हिवाळ्यानंतर निघून गेला. लोक म्हणाले, थंडी सोसवली नाही. थंडीचा संबंध नव्हता. ज्या सहायक कोचनं त्याला आणलं, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून शब्द दिला, तो कोच दुसऱ्या नोकरीवर गेला होता. पोराला इथे ओळखीचं कुणी उरलं नाही. विद्यापीठं मोठ्या तोंडानं म्हणतात, 'आमची फ्लोरिडात पाइपलाइन आहे.' पाइपलाइन विद्यापीठाची नसते, एखाद्या माणसाची असते. तो माणूस बॅग भरून गेला की नळ कोरडा. म्हणून तुझ्या तक्त्यात बाहेरच्या प्रत्येक नावापुढे एक रकाना घाल : हे पोरगं कुणाच्या ओळखीवर येतंय, आणि तो गेला तर दुसरं कोण? दुसरं नाव लिहिता आलं नाही तर ते साहेबांना दाखव. ते चिडतील, दाखव तरीही.

घर किती लांब, यापेक्षा घरच्यांना सामना बघायला मिळणार का, हे बघ. विद्यापीठांचे संघ आपापल्या गटात खेळतात. 2011 मध्ये नेब्रास्का बिग ट्वेल्व्ह हा गट सोडून बिग टेनमध्ये गेली आणि टेक्सासात जाऊन खेळायचे ठरलेले सामने संपले. तिथल्या आईला सांगायला जे एक वाक्य होतं, 'तुमच्या गावाजवळ येऊन खेळू', ते गेलं. आता 2024 पासून बिग टेनमध्ये 18 संघ आहेत, त्यात लॉस एंजेलिसचे दोन. ते वाक्य आता कॅलिफोर्नियात चालतं. साहेबांच्या डोक्यात अजून जुना नकाशा असेल तर सामन्यांचं वेळापत्रक पुढे ठेव.

'राज्यातला' या शब्दालाही फार भुलू नकोस. राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं शॅड्रन लिंकनपासून, म्हणजे विद्यापीठाच्या गावापासून, साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे आहे. कॅन्सस सिटी परक्या राज्यात, पण अंतर त्याच्या निम्म्याहून कमी. इथे ओमाहात तर नदीचा पूल ओलांडला की आयोवा. मी राज्याची सीमा पुसून गाडीच्या तासांची वर्तुळं काढायचो. त्यात घरचे कोण हे जरा खरं कळतं.

शॅड्रन म्हटल्यावर डॅनी वुडहेड आठवला. नॉर्थ प्लॅटचा, उंची पाच फूट आठ इंच. मोठ्या विद्यापीठांनी त्याला घेतलं नाही, म्हणून तो शॅड्रन स्टेटला, म्हणजे दुसऱ्या दर्जाच्या विभागात गेला. तिथे त्या विभागाचा सर्वोच्च हार्लन हिल पुरस्कार 2006 आणि 2007 असा लागोपाठ दोनदा घेतला, आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये, टचडाऊनसुद्धा केला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हे. आपल्या शेजारचं पोरगं आपल्याला लहानपणापासून दिसतं, म्हणून त्याचे दोषच आधी दिसतात. लांबचं पोरगं फिल्मच्या निवडक तीन मिनिटांत दिसतं, त्यात दोष कुठून दिसणार?

याउलटही होतं. गावचा आमदार, देणगीदार, रेडिओवाले सगळे म्हणतात, आपल्या पोराला घ्या. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल सामन्यांत काय होतं ते बाबांना विचार. पेठेनं बाहेरून खेळाडू आणला आणि त्यानं गोल मारला की तो आपल्याच पेठेत जन्मलेला. चुकला की 'कुठनं आणलाय ह्याला!' या आवाजासाठी घेतलेलं पोरगं चार वर्षं बाकावर बसतं आणि त्याच्या गावात तुमचं नाव उलट खराब होतं. घरच्या पोराबद्दल निर्णय लवकर घ्या, स्वतः जाऊन बघून घ्या, आणि काय असेल ते स्पष्ट सांगा. बाहेरच्या पाच जणांनी नाही म्हटल्यावर डिसेंबरमध्ये पोरं विद्यापीठांशी करारावर सह्या करतात त्याच्या तोंडावर घरच्याला फोन करायचा, हे मी पाहिलंय. त्या पोराला सहाव्या नंबरचा वास बरोबर येतो.

पूर्वी मधला मार्ग होता. शिष्यवृत्त्या 85, पण संघात वॉक-ऑन कितीही. आमच्याकडे संघ दीडशेच्या घरात जायचा, आणि घरच्या अर्ध्याकच्च्या पोराला 'ये, दोन वर्षांत बघू' म्हणता यायचं. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि ती तडजोड मानणाऱ्या विद्यापीठांना संघातच 105 ची मर्यादा आली. 'बघू' म्हणायला जागाच उरली नाही. शिवाय विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. घरचा आहे, प्रेमापोटी कमी पैशात येईल, असं कुणी म्हणालं तर तू त्या वाक्याच्या बाजूला उभी राहू नकोस. त्याच्या बापालाही हिशेब येतो.

नकार द्यायची वेळ आली तर फोननं द्या, मेसेजनं नको, आणि त्याच्या कोचला आधी कळवा. 2021 पासून खेळाडूनं पहिल्यांदा विद्यापीठ बदललं तर वर्षभर बसून राहावं लागत नाही, आणि 2024 पासून कितीही वेळा बदललं तरी नाही. त्यामुळे लांब गेलेली पोरं दोन वर्षांनी घराकडे बघायला लागतात. ज्याला आपण नीट नाही म्हटलं होतं तो परत फोन करतो. तुझ्या तक्त्यात आणखी एक रकाना : याला नकार कुणी कळवला, कधी, कसा. मी हा रकाना फार उशिरा घातला.

बाहेरच्या पोरांच्या भेटी बहुतेक जूनमध्ये होतात. हिरवं गवत, रात्री नऊपर्यंत उजेड. त्यांच्या आयांना जानेवारीतलं गावही दाखव, निदान फोटोत तरी. ऑफिसात कुणाला हे आवडणार नाही. पण तुझ्यासारखी, पुण्याहून येऊन पहिल्या जानेवारीत वसतिगृहाच्या खिडकीशी रडलेली पोरगी हे सांगेल तर त्या आया ऐकतील. (बाबांनी सांगितलंय मला, लाजू नकोस.)

मे महिन्यात इथे ओमाहात शाळांची राज्य मैदानी स्पर्धा असते. गाडी काढून ये, आमच्याकडेच राहा, काकू पुरणपोळ्या करणार आहे. तक्ता घरी ठेव. घडीची खुर्ची आणि टोपी आण, ऊन फार असतं. आपण धावण्याच्या ट्रॅकवर नाही, गोळाफेकीच्या वर्तुळापाशी बसू. सकाळी लवकर निघू, म्हणून आदल्या रात्रीच पोच.

तुझा,
काका