बीएस्सी ॲग्रीला नंबर लागलाय, आधी कोणते शब्द शिकू?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी शाळा, यंदा बीएस्सी ॲग्रीला नंबर लागलाय, तर वर्ग सुरू होण्याआधी कोणते इंग्रजी शब्द पाठ करून ठेवू आणि पुढे नोकरीत कोणते लागतात. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतून आले. पहिल्या सत्रात मी वहीभर इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ उतरवून पाठ केले होते. परीक्षेत त्याचा फायदा झाला. पण सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, म्हणजे आपल्या 'रावे'साठी, सिल्लोड तालुक्यातल्या एका गावात राहिले तेव्हा त्या वहीत काय राहून गेलंय ते कळलं.

तिथे एका आजोबांनी बांधावरूनच विचारलं, "मॅडम, मिरचीवर बोकड्या आलाय, काय मारू?" मला थ्रिप्स माहीत होते, माइट्स माहीत होते, लीफ कर्ल व्हायरसवर तर मी पूर्ण पानभर उत्तर लिहिलं होतं. बोकड्या म्हणजे यातलं काय, ते मात्र सांगता येईना. रात्री पुस्तकं चाळली आणि लक्षात आलं की या तिघांनाही गावात बोकड्याच म्हणतात. काही भागांत चुरडामुरडा म्हणतात. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं असेल तर बहुधा फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. खालच्या बाजूला वळून देठ लांबला असेल तर कोळी, म्हणजे माइट्स. झाड खुजं राहून शेंड्याला बारीक पानांचा गुच्छ झाला असेल तर विषाणू, आणि तो पसरवणारी पांढरी माशी. तिघांवरचा उपाय वेगळा. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटक नाही, त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. काही फवारण्यांनी तर मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी वाढतो. विषाणू लागलेलं झाड कशानेच बरं होत नाही, ते उपटून टाकायचं आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा. दुसऱ्या दिवशी आजोबांकडे जाऊन पानं उलटीपालटी करून पाहिली, तर कोळी निघाला. कीटकनाशकाच्या दोन फवारण्या आधीच वाया गेल्या होत्या.

म्हणून माझा सल्ला असा की इंग्रजी शब्द एकटा शिकू नका. त्याच्या शेजारी तुमच्या भागातला शेतकऱ्याचा शब्द लिहा आणि तो नेमका कुठे जुळतो, कुठे जुळत नाही तेही लिहा. मावा म्हणजे एफिड, तुडतुडे म्हणजे जॅसिड, भुरी म्हणजे पावडरी मिल्ड्यू, तांबेरा म्हणजे रस्ट, मर म्हणजे विल्ट, हे सरळ जुळतात. केवडा मात्र जपून. द्राक्षात केवडा म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, तो बुरशीसारख्या रोगकारकामुळे येतो. उसाची पानं पिवळी-पांढरी पडली तरी केवडाच म्हणतात, पण तिथे चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसल्यामुळे तसं होतं आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लागतं. तिथे बुरशीनाशक मारून काही हाती लागत नाही.

मृदाशास्त्रात तुमचं मराठी तुम्हाला पुढे नेईल. सामू म्हणजे पीएच, विद्युत वाहकता म्हणजे ईसी, सेंद्रिय कर्ब म्हणजे ऑरगॅनिक कार्बन. माती परीक्षणाच्या मराठी अहवालात हेच शब्द असतात. आणि वाफसा! पाऊस किंवा पाणी दिल्यावर जास्तीचं पाणी निथळून जातं, मातीत ओल राहते, हवाही खेळते आणि औत चालतं, ती वेळ. पुस्तकात 'फील्ड कपॅसिटी' असते, ती याच्या जवळची. पण ती ओलाव्याची मात्रा आहे, आणि वाफसा म्हणजे पेरायची किंवा कोळपायची वेळ आली हा निर्णय. ज्या मुलाने काळ्या रानात वाफशाची वाट पाहिली आहे त्याला ही संकल्पना वर्गात एका मिनिटात कळते. लाजू नका, सरांना मराठीत विचारा.

खतांत सगळ्यात मोठा घोळ नत्र आणि युरिया यांचा होतो. नत्र, म्हणजे नायट्रोजन, हे अन्नद्रव्य, युरिया हे खत, आणि युरियात नत्र असतं 46 टक्के. म्हणजे 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो. 10:26:26 या मिश्र खताच्या 50 किलोच्या गोणीत नत्र 5 किलो, स्फुरद (फॉस्फरस) 13, पालाश (पोटॅश) 13. बागायती गव्हाला शिफारस आहे हेक्टरी 120:60:40 किलो नत्र, स्फुरद, पालाश. हे आकडे गोण्यांचे नाहीत. शिवाय पुस्तक हेक्टरात बोलतं आणि शेतकरी एकरात, हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. दोन्ही रूपांतरं तोंडी यायला हवीत, नाहीतर मात्रा सरळ अडीचपट चुकते.

आता ज्या शब्दाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो, औषध. आपण सगळेच कीटकनाशकाला औषध म्हणतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हापासून मी शेतकऱ्यांशी बोलताना मुद्दाम 'विष' म्हणते. डब्यावरचा त्रिकोण वाचायला शिका: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. व्यापारी नाव आणि सक्रिय घटक यांतला फरक पक्का करा. दुकानात दोन वेगवेगळ्या नावांचे डबे घेतले जातात, दोन्हींत इमिडाक्लोप्रिडच असतं, आणि पंपात दुप्पट मात्रा पडते. आर्थिक नुकसानीची पातळी हाही शब्द इथलाच. कीड दिसली की फवारणी असं नसतं, तिने होणारं नुकसान खर्चापेक्षा वाढायच्या आत फवारणी असते. गुलाबी बोंडअळीसाठी ती पातळी म्हणजे कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग 3 रात्री दर रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग.

नोकरीचं विचारलंत, तर तिथले शब्द कामाप्रमाणे बदलतात. बियाण्यात जाणार असाल तर पैदासकार, पायाभूत, प्रमाणित आणि सत्यप्रत हे दर्जे आणि त्यांच्या खुणचिठ्ठीचे रंग, अनुक्रमे सोनेरी पिवळा, पांढरा, निळा, हिरवा. सरळ वाण आणि संकरित वाण यांतला फरकही. सोयाबीनचं घरचं बियाणं उगवण तपासून पेरता येतं, संकरित कपाशीचं नाही. बँकेत कृषी अधिकारी व्हायचं असेल तर कॉलेजात कुणी फारसं न शिकवलेले सातबारा, आठ-अ, फेरफार, बोजा, तारण हे शब्द लागतात. पीक विम्यात पीक कापणी प्रयोग आणि उंबरठा उत्पादन. मंडळाचं सरासरी उत्पादन या उंबरठ्याच्या खाली गेलं की भरपाई, त्यामुळे गावात लोक सगळ्यात आधी हेच विचारतात. द्राक्षाच्या निर्यातीत एमआरएल, म्हणजे मालात राहिलेल्या विषाच्या अंशाची कमाल मर्यादा. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपीय संघात ती किलोला 0.01 मिलिग्रॅम आहे. तिच्यासोबत पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती आणि बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. त्यानंतर नाशिककडे ही इंग्रजी आद्याक्षरं वयस्कर बागायतदारांच्याही तोंडी आहेत.

'एक्स्टेन्शन' या विषयाचं मराठी नाव विस्तार शिक्षण. मला ते क्षेत्र वाढवण्याबद्दल वाटलं होतं. तो विषय ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याचा आहे, आणि तुमच्या मराठीला खरी किंमत तिथेच मिळेल. मी आता एका शेतकरी उत्पादक कंपनीत आहे. मुलाखतीत मला एकच प्रश्न मराठीत विचारला गेला होता, माती परीक्षणाचा अहवाल समोर ठेवून, "हा शेतकऱ्याला समजावून सांगा."

वर्ग सुरू व्हायला अजून वेळ असेल तर घरातली युरियाची गोणी, बियाण्याची पिशवी आणि एखाद्या कीटकनाशकाचं माहितीपत्रक काढा. डबा नको, पत्रकच घ्या. त्यावरचा एकेक शब्द वहीत उतरवा आणि आई-वडिलांना विचारा, याला आपण काय म्हणतो.