कुत्र्याची नखं घरच्या घरी इलेक्ट्रिक ग्राइंडरने घासता येतात का? नखं काळी आहेत, रक्त येईल अशी भीती वाटते.

हो, येतात. तुम्ही लिहिलंय की मडगावला फ्लॅटमध्ये राहता, लॅब्राडॉर तीन वर्षांचा आहे, नखं सगळी काळी आहेत आणि नखं कापायची कातरी दिसली की तो पंजा ओढून घेतो. म्हणून ऑनलाइन ग्राइंडर मागवला, तर तो चालू करताच कुत्रा गॅलरीत पळाला आणि मशीन गेलं कपाटात. ते बाहेर काढा. इतक्यात चालू मात्र करू नका.

मी फोंड्याच्या बाजूला राहतो. घरात कुत्री कायम असतात आणि त्यांची नखं मीच घासतो. या विषयावरचे व्हिडिओ बघितले तर सगळी चर्चा मशीनची: कुठलं घ्यावं, किती वेगाचं घ्यावं. माझ्या मते मशीन धरलेल्या हातापेक्षा पंजा धरलेल्या हाताचं काम मोठं आहे. तो हात जमला की स्वस्तातलं मशीनही चालतं. तो जमला नाही तर महागातलं घेऊनही कुत्रा पळतोच.

तरी मशीनचं आधी उरकून टाकतो. १९३२ साली सुरू झालेली ड्रेमेल ही अमेरिकन कंपनी लाकूड-धातू घासायची छोटी रोटरी, म्हणजे टोक गरगर फिरणारी, हत्यारं बनवते. पुढे लोक त्यानेच कुत्र्यांची नखं घासू लागले आणि कंपनीने खास कुत्र्यांसाठी कमी वेगाची मशीनं काढली. तुमच्या ओळखीतल्या सुताराकडे मोठं रोटरी मशीन असेल तर तेही चालेल, पण अगदी कमी वेगावर, कारण पूर्ण वेगात ती मिनिटाला ३० हजार फेऱ्यांच्या पुढे जातात. नखाला साधारण ७ ते १३ हजार पुरे. यूएसबीवर चार्ज होणारी बारकी मशीनं आवाजाला बरी असतात, पण लॅबच्या, म्हणजे लॅब्राडॉरच्या, जाड नखावर जरा दाबलं की अडकतात. त्यामुळे दाबायचंच नाही. पॉलिश पेपरची नळी झिजली की लगेच बदला, झिजलेली नळी घासत कमी आणि तापत जास्त. डायमंड बिट, म्हणजे हिऱ्याची कणी बसवलेलं टोक, असेल तर तो बराच काळ टिकतो. तोंडावर भोकं असलेली जी प्लास्टिकची टोपी येते ती मी काढूनच टाकतो. आत काय चाललंय ते तिच्यामुळे दिसत नाही, आणि दिसणं हाच तर ग्राइंडरचा सगळा फायदा आहे. आणि हो, पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा बॅटरीवालं असेल तर आदल्या रात्री चार्ज करून ठेवा.

आता पकडीचं. आधी एक प्रयोग स्वतःवर करा. डाव्या हाताचं बोट मोकळं सोडा आणि चालू मशीन नखाला अलगद टेकवा. सगळं बोट थरथरतं, अगदी दातांत कळ गेल्यासारखं वाटतं. आता तेच बोट दुसऱ्या कोणाला तरी नखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी घट्ट धरायला सांगा आणि पुन्हा टेकवा. थरथर जवळजवळ गायब. कुत्र्याचं नख त्याच्या बोटाच्या शेवटच्या हाडावर बसलेलं असतं. बोट लोंबकळत असेल तर ती थरथर हाडातून थेट वर जाते. पुष्कळदा कुत्रा आवाजाला घाबरला असं आपल्याला वाटतं, पण पंजा तो ओढतो तो या थरथरीमुळे.

म्हणून एका वेळी पंजा नाही, एकच बोट धरायचं. अंगठा खालून त्या बोटाच्या गादीवर, तर्जनी वरून नख जिथे कातडीतून बाहेर येतं तिथे. अंगठ्याने गादी किंचित वर आणि मागे सारली की नख पुढे येतं आणि आजूबाजूचे केस मागे जातात. दाब इतकाच की बोट हलू नये. चिमटा बसता कामा नये. पाय बाहेरच्या बाजूला ओढायचा नाही, कुत्र्याचा खांदा तसा फिरत नाही आणि त्याला दुखतं. घोड्याला नाल मारताना पाय जसा मागे दुमडतात तसा पुढचा पाय मनगटातून मागे वळवा. गाद्या वर येतात, नखाची खालची बाजू तुम्हाला स्वच्छ दिसते आणि मशीन कुत्र्याच्या नजरेआड राहतं. लॅब आडवा झोपत असेल तर त्याहून उत्तम, कुशीवर झोपलेल्या कुत्र्याची नखं घासणं सगळ्यात सोपं.

त्याने पंजा ओढला तर मशीन आधी उचला, हात त्याच्या पंजाबरोबर जाऊ द्या, आणि तो थांबला की सोडा. ओढाताण केली की पुढच्या वेळी तो तुम्हाला बोटालाही हात लावू देणार नाही. आपल्या घरात चार माणसं मिळून कुत्र्याला दाबून धरायची पद्धत आहे, तिचा उपयोग एकदाच होतो.

काळ्या नखाचं आता. नखाच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेली जिव्हाळी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून कातरीने अंदाजाने तोडलं की रक्त येतं. ग्राइंडरने ती चुकवता येते, कारण तुम्ही एकदम तोडत नाही, थराथराने आत जाता आणि दर थराला थांबून बघता. आधी नख खालून पाहा. टोकाकडे खालच्या बाजूला पन्हळीसारखी पोकळ खाच असते. ती खाच असेल तिथपर्यंत बहुतेक सगळं मेलेलं नख. खाच संपून नख भरीव होतं तिथे जिव्हाळी जवळ आली असं समजा. आता टोकावर खालच्या बाजूने तिरकं घासायला लागा. एक-दोन सेकंद टेकवा, उचला, फुंकर मारून भुसा उडवा, समोरून बघा. सुरुवातीला घासलेला भाग कोरडा, भुरभुरीत, पांढुरका दिसतो. पुढे मधोमध एक बारीक गोल दिसायला लागतो, आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाचा, कधी करडा तर कधी गडद काळा. तो ओलसर आणि चकचकीत वाटू लागला की थांबा. त्या नखाचं काम त्या दिवसापुरतं झालं. मग फक्त कडा गोल करा, म्हणजे सोफ्यावर आणि तुमच्या पायांवर ओरखडे येणार नाहीत.

टेकवून उचलण्याचं कारण आणखी एक आहे. घर्षणाने नख तापतं, आणि जिव्हाळीला ते आपल्याआधी कळतं. घासून झाल्यावर नखाला स्वतःचं बोट लावून बघत जा. कोमट लागलं तर पुढच्या बोटाकडे जा आणि नंतर परत या.

जिव्हाळी फार पुढे आलेली असेल तर एका बैठकीत नख आखूड करायचा हट्ट धरू नका. आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं घासत राहिलात तर ती हळूहळू मागे सरकते. लॅबच्या बाबतीत याला महत्त्व आहे. उभं असताना नखं जमिनीला टेकत असतील तर बोटं वर ढकलली जातात आणि चाल बदलते, आणि या जातीला कंबरेच्या सांध्यांचा त्रास मुळातच जास्त. गावातल्या कुत्र्यांची नखं कोणी कापत नाही, ती डांबरावर आणि चिऱ्यांच्या आवारात फिरून झिजतात. तुमच्या कुत्र्याला दिवसभर गुळगुळीत टाइल्स, आणि संध्याकाळी कोलव्याला नेलंत तरी पायाखाली मऊ वाळू. त्याने काय झिजणार! टाइल्सवर चालताना टकटक आवाज येतो का ते ऐका, त्यावरून नखं किती वाढलीत ते कळतं.

मशीनची सवय कशी लावायची? आवाज आणि स्पर्श वेगळे ठेवा. काही दिवस बंद मशीन त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी नुसतं पडू द्या. दुसरीकडे, मशीनशिवाय, रोज टीव्ही बघता बघता एकेक बोट वर सांगितलं तसं धरायचं, सोडायचं आणि खायला द्यायचं. मग मशीन दुसऱ्या खोलीत चालू करायला सांगा आणि इथे त्याला खाऊ द्या. आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासपर्यंत, म्हणजे आपल्याला नुसती गुणगुण वाटते तिथे त्याला शिट्टीही ऐकू येत असेल. तेव्हा मशीन खोलीत आणायची घाई नको. ते जवळ आलं तरी तो खात राहिला की बंद मशीन नखाला लावा, मग चालू मशीनची पाठ पंजाला लावा, आणि शेवटी एक नख. त्या दिवशी एकच. लॅबला बहुधा १८ नखं असतात, पुढे पाच-पाच, मागे चार-चार. सगळी एकाच दिवशी झाली पाहिजेत असा काही नियम नाही.

खाऊ म्हणून बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा उकडलेलं अंडं बारीक करून द्या. सुका बांगडा दिला तर तो काहीही करू देईल हे खरं, पण त्यात मीठ फार. पीनट बटर चाटायला देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, कुत्र्यांना ते विष आहे. आणि हे शिकवणं चतुर्थीच्या फटाक्यांच्या किंवा दिवाळीतल्या नरकासुराच्या आसपासच्या दिवसांत सुरू करू नका. आधीच बिचारा बिथरलेला असतो, त्यात तुमचं मशीन.

पंजा कोरडा हवा. पावसात फिरून आलेल्या कुत्र्याची नखं मऊ पडतात आणि पॉलिश पेपर लगेच चिकटतो. समुद्रावरून आलात तर बोटांमधली वाळू धुऊन, पुसून घ्या. पुसताना बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का बघा, तिथे ते लपून बसतात. आणि हे जरा गांभीर्याने घ्या: गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, मग साध्या जखमेचंही रक्त लवकर थांबत नाही. कुत्रा मलूल असेल, जेवत नसेल, नाकातून रक्त आलं असेल किंवा गोचीडतापाचे उपचार चालू असतील तर नखांना हात लावू नका, आधी डॉक्टर. नखाच्या मुळाशी सूज असेल किंवा नखं एकापाठोपाठ सुटून येत असतील तरीही तेच.

घासायला गॅलरीत बसा, पंखा बंद करून. भुशाला केस जळल्यासारखा वास येतो आणि तो बारीक असल्याने नाकात जातो, म्हणून मास्क लावा. चष्मा असेल तर बरं. घरातल्या कोणाचे केस लांब असतील तर बांधून मगच जवळ बसायचं, फिरत्या नळीत केस गुंतायला वेळ लागत नाही. पुढे कधी लांब केसांचा कुत्रा पाळलात तर जुन्या मोज्यातून फक्त नखं बाहेर काढून घासा.

रक्ताचं राहिलं. ग्राइंडरने रक्त कधीच येत नाही असं नाही, पण आलं तर एखादा थेंब येतो, कातरीसारखी धार लागत नाही. दाढीनंतर लावायची तुरटी घरात असेलच. तिची वस्त्रगाळ पूड करून बाटलीत भरून ठेवा. चिमूटभर पूड नखाच्या टोकावर दाबून दोन-तीन मिनिटं धरायची, मध्येच उघडून बघायचं नाही. झोंबतं, तेव्हा पंजा घट्ट धरा. तुरटी नसेल तर कॉर्नफ्लॉवर. आपला हात सवयीने हळदीकडे जातो, पण नखाच्या टोकावर ती टिकत नाही आणि टाइल्स मात्र पिवळ्या होतात. त्या दिवशी त्याला चिखलात नेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही थांबत नसेल तर सरळ दवाखाना गाठा. घाबरून त्याने चावा घेतला किंवा ओरखडा काढला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि तुम्हीही डॉक्टरकडे जा, त्याची रेबीजची लस झालेली असली तरी.

हे सगळं करूनही त्याने मशीन जवळ येऊच दिलं नाही, तर एक जुनी फळी घ्या, तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि तिरकी धरून त्याला पुढच्या पंजांनी ओरबाडायला शिकवा. लॅब खाण्यासाठी काय वाटेल ते शिकतो. मागची नखं चालण्यातच जास्त झिजतात, त्यामुळे फळीवर बऱ्यापैकी भागतं. फक्त पुढच्या पायांना आतल्या बाजूला वर असलेलं अंगठ्याचं नख फळीला टेकत नाही, जमिनीलाही टेकत नाही, आणि वाढत वाढत वळून कातडीत शिरतं. ते तुम्हालाच घासावं लागेल, त्यामुळे मशीनची सवय लावायला सुरुवात कराल ती त्याच बोटापासून करा.