शेड तारण ठेवून पोर्शे घ्यावी का?

प्रश्न : कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या मशिनवरच्या) जॉबवर्कचं शॉप आहे. वय 46, मुलगी दहावीत. घरी महिन्याला पावणेतीन लाख येतात. एफडी 22 लाख, म्युच्युअल फंड 31 लाख. दिल्ली पासिंगची 2014 ची, 34 हजार किलोमीटर चाललेली 2.7 लिटरची पोर्शे केमन 58 लाखांना मिळतेय. एफडीतले 18 लाख घालून उरलेल्या 40 लाखांसाठी शेड तारण ठेवायचा विचार आहे. तसलं सहा सिलिंडरचं इंजिन पुढं बंद झालं, त्यामुळं किंमत वाढतच जाणार. गुंतवणूक म्हणून चालेल ना?

उत्तर : गाडीची निवड नाद खुळा! माझी हरकत शेडला आहे.

एवढ्या जुन्या गाडीला वाहनकर्ज द्यायला बँका सहसा तयार होत नाहीत, म्हणून शेड आली. 40 लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता 54 हजार आणि व्याज जवळपास 25 लाख. म्हणजे 58 ची गाडी 83 ला पडली. विमा, सर्व्हिस, टायर, पुण्या-मुंबईला फ्लॅटबेडवर (गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर) न्यायचा खर्च असे वर्षाला अडीच लाख धरा (मी हात राखूनच धरलेत), तर दहा वर्षांत 1 कोटी 8 लाख. तेवढ्याला विकली तर फक्त बरोबरी. तोवर गाडी विशी ओलांडलेली असेल. आणि मधे एखाद्या पार्टीनं 90 दिवसांचं पेमेंट 150 वर नेलं, तर सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिटची) ओढाताण आणि हा हप्ता एकदमच दारात येणार.

आता किमतीचं. 2016 ला केमनमध्ये चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं, हे खरं. पण 2019 ला केमनच्याच जीटी4 या मॉडेलमधून चार लिटरचं सहा सिलिंडर परत आलं. त्यामुळं ‘शेवटची’ हा शिक्का तुमच्या 2.7 लिटरला तितकासा बसत नाही. पोर्शेच्याच 911 मध्ये तो 993 या पिढीला बसला. हवेवर थंड होणारं इंजिन असलेली ती शेवटची 911, 1998 ला बंद झाली आणि पुढं तिचे भाव चढले. तिच्या मागून आलेली, पाण्यानं थंड होणारी 996 मात्र बरीच वर्षं सगळ्यात स्वस्त 911 म्हणून फिरली. बिल्ला तोच, घराणं तेच. फेरारी 250 जीटीओ 2018 च्या लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली, पण तशा गाड्या बनल्याच 36. शिवाय हे भाव अमेरिका-युरोपच्या बाजारातले. आपल्याकडं विकायची वेळ आली की गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

भाव टिकवायचा तर गाडी चालवायची नाही, ही दुसरी गोम. माझ्या एका अशिलाची अशीच गाडी शिरोलीच्या शेडमध्ये कव्हरखाली उभी असते. बॅटरीला चोवीस तास चार्जर. एकाच जागी उभी राहून टायर खाली चपटे झालेत, आणि गेल्या गळिताच्या हंगामात शेजारचा ऊस तुटल्यावर उंदरांनी वायरिंग कुरतडलं. रविवारी पहाटे आंबोलीला जायचं म्हणून घेतलेली गाडी! तुम्ही चालवणार, हे तुमच्या पत्रावरनंच कळतं. मग हा शौक आहे, आणि शौकाला पैसे घालण्यात मला काही गैर वाटत नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघायला आपण गर्दी करतो, ते तिचा भाव विचारायला नव्हे.

दिल्ली पासिंग स्वस्त का, तेही बघा. तिथं पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून मालक आधीच काढून टाकतात. इकडं आणली की तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि महाराष्ट्राचा कर. आयात गाडीला त्याचा दर चांगलाच जड आहे. व्यवहाराआधी आरटीओतून आकडा काढा आणि 58 मध्ये मिळवा.

फर्मच्या नावावर घेऊन, घसारा लावून कर वाचवायचा मोह होईल. दोन सीटची गाडी धंद्यासाठी, हे आयकर अधिकाऱ्याला पटवत बसाल. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या वापराची असेल तर विकताना झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. तोटा झाला तर मात्र तो कशातूनच वजा होत नाही.

माझं मत : ही गाडी सोडा. जो 54 हजारांचा हप्ता भरायची तयारी होती, तोच दर महिन्याला वेगळ्या लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका. तीन वर्षांत व्याज धरून 21 लाखांच्या आसपास जमतील, एफडीतले 8-10 घाला. तेव्हा तीसएक लाखांत पोर्शेची जुनी बॉक्स्टर किंवा बीएमडब्ल्यूची झेड4 रोखीत बघता येईल, आणि मुलीच्या कॉलेजच्या फीचा आकडाही समोर आलेला असेल. मधे तीन-चार महिने ते 54 हजार टाकायला जमलंच नाही, तर कर्ज काढलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच ओळखा.

तरीही दिल्लीला जाऊन बघणारच असाल, तर टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा. 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. 34 हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला अजून असे जुनेच टायर निघाले, तर रबर दगड झालेलं असणार. भाव करताना नव्या चार टायरचे पैसे आधी वजा करा.