एक दिवा काढायचा, त्यासाठी एफडी मोडायची का?

प्रश्न थोडक्यात असा. साखर पेठेतल्या जुन्या घरातली मागची खोली एका ताईंना शिलाईकामासाठी मोकळी करायची आहे. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा पलंगाच्या वर छताला एक दिवा आणि दोरी ओढून चालू-बंद करायचा स्विच बसवला होता. आता तिथे मशीन येणार, दोरी तोंडासमोर लोंबणार, म्हणून दोन्ही नकोत. वायरमन ७०० रुपयांत काढून देतो म्हणतोय. कंत्राटदार म्हणतो, हात लावताच आहात तर सगळं फिटिंग नवं करा आणि वर पीओपीचं छत घ्या, ८५,००० रुपये. पैसे १,२०,००० च्या एफडीतून काढू, की १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज घेऊ?

ताई, माझं मत स्पष्ट आहे: आत्ता दोन्ही नको.

तुमचा घरखर्च महिन्याला १७,००० आहे. म्हणजे ती एफडी जेमतेम सात महिन्यांची शिदोरी आहे. त्यातून ८५,००० गेले की उरतात ३५,०००, दोन महिन्यांचा खर्च. शिवाय मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात. कर्ज घेतलंत तर हप्ता साधारण ४,०८० बसेल आणि दोन वर्षांत व्याजाचे जवळपास १३,००० जातील. घरात दोघांचे मिळून २३,५०० येतात, खर्च जाऊन ६,५०० उरतात. पण तुमचे साडेसात हजार दर महिन्याला सारखे येत नाहीत. शाळेच्या युनिफॉर्मचं काम जूनच्या आधी भरपूर, नंतर मंदी. हप्ता मात्र मंदीतही चुकत नाही.

दिवा काढल्यावर बिल कमी होईल, असंही तुम्ही लिहिलंय. बंद दिव्याला युनिट लागत नाही. ६० वॅटचा बल्ब रोज तीन तास जळला तरी महिन्याला साडेपाच युनिटच होतात. तेव्हा बिलासाठी नाही, जागेसाठी काढा.

आता त्या ७०० रुपयांच्या कामाबद्दल, कारण खरी जोखीम तिथे आहे. जुन्या घरांत छताच्या सीलिंग रोजमधून, म्हणजे दिव्याची वायर जिथे जोडतात त्या छतावरच्या गोल डबीतून, पुढच्या खोलीची लाइनही बऱ्याचदा फिरवलेली असते. दोरीचा स्विच बंद केला तरी तिथल्या काही तारांत २३० व्होल्ट जिवंत राहतात. म्हणून आधी मेन बंद, मग टेस्टरने खात्री. पुढे जाणाऱ्या फेजच्या (जिवंत) तारा एका कनेक्टरमध्ये, न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या) दुसऱ्यात, आणि स्विचकडून परत आलेली तार वेगळी बंद करायची. रंग बघून ती न्यूट्रलमध्ये जोडली, तर स्विच चालू होताच शॉर्ट होतो. सगळ्या तारा नुसत्या कापून टाकल्या, तर पुढच्या खोलीत अंधार. स्विच काढून टाकला तरी त्याच्याकडे गेलेली तार तशीच सोडू नका, दोन्ही टोकं बंद करून घ्या. नुसतं चिकटपट्टीचं वेटोळं चालणार नाही. जोड डब्यात हवा आणि वर उघडता येणारं झाकण हवं. पीओपीखाली गाडलेला जोड पुढे बिघडला तर तो शोधायला छतच फोडावं लागेल. त्या छताला माझा विरोध केवळ पैशांसाठी नाही, तो यासाठीही आहे.

फिटिंग नवं करायचं की नाही, हे कंत्राटदाराच्या तोंडी शब्दावर ठरवू नका. परवानाधारक वायरमनकडून घराची मेगर चाचणी, म्हणजे तारांवरचं इन्सुलेशन शाबूत आहे का याची मोजणी, करून घ्या आणि आकडा लिहून मागा. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं तर वायर बदलणं गरजेचं आहे. तेव्हा पीओपी वगळून नुसत्या वायरिंगचा वेगळा भाव काढा, दोन ठिकाणांहून. रीडिंग चांगलं असेल तर पूर्ण फिटिंग थांबू द्या.

थांबू नये अशी दोनच कामं आहेत: नीट अर्थिंगसह ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच), आणि इस्त्रीसाठी अडीच एमएमच्या तारेची स्वतंत्र लाइन. शिलाईबरोबर इस्त्री येतेच, आणि १,००० वॅटची इस्त्री दिव्याच्या जुन्या बारीक तारेवर लावणं म्हणजे तार तापवणं. दिव्याच्या ७०० सकट हे सगळं ९,००० च्या आसपास बसेल असं धरून चला. दोन महिन्यांच्या शिलकेत ते निघतं, एफडीला हात लागत नाही. आणि खोलीत दिवाच राहणार नाही असं करू नका. मशीनच्या सुईवर प्रकाश पडेल असा एलईडी भिंतीवर घ्या, डोळ्यांसाठी.

काम झाल्यावर बिल घ्या आणि झाकण लावण्याआधी त्या जोडाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. मेगरचा आकडा आला की मला कळवा, वायरिंगच्या पैशांचं तेव्हा बघू.